पर्ल बक : नोबेल विजेत्या लेखिकेतली आई



पहिली-दुसरीच्या वर्गात 'माझे कुटुंब' हा विषय आपण सगळेच घेतो. मीही घेते. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलीला सहज विचारलं, तू कोणासारखी दिसतेस, आईसारखी की बाबांसारखी? ती गप्प बसली. शाळा सुटल्यावर तिच्या आईने बाजूला घेऊन सांगितलं की, मुलगी दत्तक आहे आणि घरी तिला ते नुकतंच सांगितलंय. त्या दिवशी मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. तेव्हापासून हा पाठ घेताना मला एक बाई आठवतात. त्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

पर्ल बक यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. आईवडील ख्रिस्ती मिशनरी होते आणि चीनमध्ये काम करायचे. पर्ल काही महिन्यांची असतानाच ते तिला घेऊन चीनला परतले. यांगत्से नदीकाठच्या चेनच्यांग गावात ती वाढली. सांभाळायला चिनी दाई होती, त्यामुळे चिनी भाषा तिच्या तोंडी आईच्या भाषेइतकीच बसली. वडील धर्मप्रसारासाठी गावोगाव फिरायचे आणि घरातला बराच पैसा त्यांच्या बायबलच्या भाषांतरावर खर्च व्हायचा. आईची सात मुलं, त्यातली चार लहानपणीच गेली. सेवेचं व्रत घेतलेल्या घराला काय किंमत मोजावी लागते, हे पर्लने असं जवळून पाहिलं.

१९१७ साली त्यांचं लग्न लॉसिंग बक यांच्याशी झालं. लॉसिंग हेही मिशनचेच, पण त्यांचं काम शेतीचं. १९२० मध्ये मुलगी झाली, तिचं नाव कॅरोल. बाळंतपणाच्या वेळी गर्भाशयात गाठ असल्याचं कळलं, शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा मूल होणार नाही हे नक्की झालं.

कॅरोल गोरीगोमटी, सुंदर होती. पण तीन वर्षांची झाली तरी बोलेना. आईने डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घातले. शेवटी अमेरिकेत एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की, हिची बुद्धी वाढणार नाही, खोट्या आशेवर राहू नका.

तरी आईचं मन ऐकतं का? पर्ल बक यांनी ठरवलं, मीच हिला शिकवीन. रोज घेऊन बसायच्या. कॅरोल थोडं वाचायला, थोडं लिहायलाही लागली. एक दिवस अक्षर गिरवताना त्यांनी तिचा हात हातात घेतला, तर तळहात घामाने ओला झालेला! दुसरा हात पाहिला, तोही तसाच. लेकरू शिकत नव्हतं, आईला खूश करायला जिवाचा आटापिटा करत होतं. पर्ल बक यांनी पुस्तकं बाजूला ठेवली, ती कायमची.

मित्रांनो, शिक्षक म्हणून मला ही जागा सगळ्यात मोठी वाटते.

याच काळात, १९२५ च्या सुमारास, त्यांनी अमेरिकेतल्या एका अनाथालयातून काही महिन्यांची अशक्त मुलगी दत्तक घेतली. तिचं नाव जॅनिस. ती कॅरोलच्या जागी आली नव्हती. तिची जागा वेगळी होती आणि ती बाळसं धरून छान वाढली.

पुढे मार्च १९२७ मध्ये नानजिंग शहरात परदेशी लोकांवर हल्ले झाले. एका गरीब चिनी बाईने या सगळ्या कुटुंबाला आपल्या झोपडीत लपवलं, म्हणून सगळे वाचले. घरातलं जवळजवळ सगळं लुटलं गेलं. त्यांना काही काळ जपानमध्ये राहावं लागलं.

१९२९ साली पर्ल बक यांनी कॅरोलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या निवासी शाळेत ठेवलं. माझ्यामागे हिचं कोण, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. शाळेचा खर्च मोठा होता. नानजिंगला परतून त्यांनी साधारण तीन महिन्यांत एक कादंबरी लिहिली. तीच 'द गुड अर्थ'! १९३१ मध्ये ती आली, पुढच्या वर्षी पुलित्झर आणि १९३८ मध्ये नोबेल मिळालं. त्या कादंबरीतल्या शेतकऱ्यालाही एक मतिमंद लेक आहे. आता ती का आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आयुष्य सरळ मात्र झालं नाही. मिशनच्या कामावर उघड टीका केल्यामुळे वाद झाला आणि १९३३ मध्ये त्या मिशनमधून बाहेर पडल्या. १९३५ मध्ये घटस्फोट झाला आणि प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी दुसरं लग्न झालं. नव्या घरात आणखी मुलं आली. त्यांनी एकूण सात मुलं दत्तक घेतली.

पुढे भारतीय आणि अमेरिकन अशा मिश्र वंशाच्या एका बाळाला कुठलीच दत्तक संस्था घेईना. तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी 'वेलकम हाउस' ही संस्थाच काढली. वेगळ्या वंशाच्या, परदेशातल्या मुलांनाही तिने घरं मिळवून दिली. अशी मुलं पाच हजारांवर गेली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगाला कॅरोलबद्दल त्यांनी अनेक वर्षं सांगितलं नव्हतं. ते धाडस १९५० मध्ये झालं, जेव्हा त्यांनी तिच्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. मूल स्वीकारलं तरी ते चारचौघांत बोलायला इतका वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे एखादी आई मुलाचं दुखणं लपवत असेल, तर तिच्यावर रागावू नका.

कॅरोलला पीकेयू नावाचा आजार होता, हे फार उशिरा कळलं. यात अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदूला इजा करतो. आज बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखता येतो आणि जन्मापासून योग्य आहार दिला तर मूल नीट वाढतं. कॅरोलच्या वेळी हे कोणालाच माहीत नव्हतं.

६ मार्च १९७३ रोजी पर्ल बक गेल्या. कॅरोल त्याच शाळेच्या आधाराने १९९२ पर्यंत जगली. आईने केलेली सोय पुरली.

आता 'माझे कुटुंब' शिकवताना मी विचारते, तुला घरी कोण जेवू घालतं, कोण गोष्ट सांगतं, ताप आला की कोण जागतं? याचं उत्तर बहुतेक मुलांकडे असतं. आणि एखादं मूल फारच धडपडत अक्षर काढताना दिसलं, तर आधी त्याचा हात हातात घेऊन बघते.

तुम्हीही बघा.