डॉ. होमी भाभा आणि जखमेवरचा पाणमोटेचा पडदा

उकळते पाणी अंगावर सांडले की खांबसारख्या गावातून रुग्णाला रोह्याला किंवा अलिबागला नेतात, गरज पडली तर पुढे मुंबईला. तिथे डॉक्टरांनी जखमेवर अॅम्निऑन लावायचे ठरवले तर घाबरू नका. बाळाभोवती जी पाणमोट असते, तिचा हा आतला पातळ पडदा. एका आईचा पडदा तुमच्या जखमेवर निर्धोकपणे लावता येतो. या सोयीचा पाया घालणाऱ्यांचे नाव तुम्ही शाळेत वाचले आहे: डॉ. होमी भाभा.

आत्याचा आजार

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. १९२७ मध्ये घरच्यांनी त्यांना इंजिनीअर होण्यासाठी केंब्रिजला पाठवले. ते शिक्षण पुरे करून ते भौतिकशास्त्राकडे वळले. ते तिकडे असतानाच, १९३१ मध्ये, त्यांच्या आत्या मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. अशा आजारांवर भारतात उपचार व्हावेत, ही त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. दोराबजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले.

ट्रॉम्बेचे केंद्र

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे अणुऊर्जा केंद्र उभे राहिले. १९६२ मध्ये टाटा रुग्णालयही अणुऊर्जा विभागाकडे आले. आत्यामुळे सुचलेले रुग्णालय आणि भाच्याने उभारलेले केंद्र असे एकाच विभागात आले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले. वय अवघे ५६. पण काम थांबले नाही. १९७४ मध्ये ट्रॉम्बेला गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प सुरू झाला आणि १९८८ मध्ये टाटा रुग्णालयात ऊतीपेढी.

पडदा काम कसे करतो?

बाळंतपणानंतर आईच्या संमतीने वार आणि पाणमोट घेतात. आईची एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. पडदा धुऊन, सुकवून, पाकीटबंद करतात आणि मग गॅमा किरण देतात. हा पडदा जखमेवर लावल्यावर:

• वेदना कमी होतात
• जखमेतून पाणी कमी झिरपते
• बाहेरचे जंतू अडतात
• खाली नवी त्वचा धरायला मदत होते

मात्र तो कायमची त्वचा नाही. खोल भाजले असेल तर रुग्णाचीच त्वचा लावावी लागते.

पडदा वेगळा, गर्भजल वेगळे

गुडघेदुखीवर गर्भजलाचे इंजेक्शन म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर सावध राहा. अमेरिकेच्या औषध नियामकानेही सांधे व हाडांच्या कोणत्याही आजारासाठी अशा इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. पैसे देण्याआधी तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि भाजल्यास पहिला उपचार घरचाच: २० मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. स्वच्छ कापड झाकून रुग्णालय गाठा.