पंडिता रमाबाई आणि एकटेपणाची कसोटी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे आणि ते मी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी सुचविले. माझे माहेर पेणचे, सासर रोह्याचे. दोन्हीकडे आळीत ख्रिस्ती घर आमचे एकच. म्हणून चरित्र निवडताना मन आपोआप पंडिता रमाबाईंकडे वळले. त्यांची विद्वत्ता व समाजकार्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला सांगावयाचे आहे ते थोडे निराळे. श्रद्धेने जगणारी बाई एकटी पडली म्हणजे तिच्या मनाला कोणते मोह पडतात, आणि रमाबाई त्यांतून कशा तरल्या, ते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. उपासतापास, दानधर्म सारे करूनही अन्न मिळेना. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविशीही न गाठलेली विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि माहेर म्हणावे असे एकही दार नाही!

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहत असताना सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने आत्मघात केला. परमुलखात या धक्क्याने कोणाचेही मन खचावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर होण्याची इच्छा होती, पण कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेले. चार माणसांत बसूनही ऐकू न येणे, हाही एक एकांतवासच नव्हे काय?

येथे पहिली कसोटी लागली. ज्यांनी आश्रय दिला, त्यांची अपेक्षा अशी की चर्चचे प्रत्येक मत त्यांनी मुकाट्याने मान्य करावे. मिंधेपणाने मान हलविणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली, पण पटत नसलेल्या गोष्टींवर वाद घातला, शाकाहार सोडला नाही, आपले हिंदीपणही सोडले नाही. त्यामुळे स्वधर्मीयांतही त्या थोड्या परक्याच राहिल्या.

अमेरिकेतून मदत मिळवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. सदनात धर्म शिकविला जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार मात्र उघडे ठेवीत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये गदारोळ उठला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना केवळ दोष देऊ नये. आपली लेक आपल्याला दुरावेल, ही भीती आईबापांच्या पोटी असतेच. पण रमाबाईंपुढे मोह केवढा होता पाहा! एक दार लोटून घेतले असते तर सगळे मित्र राहिले असते. त्यांनी दार लोटले नाही, आणि टीकाकारांचा सूडही घेतला नाही.

भगिनींनो, हा दुसरा मोह मला फार जवळचा वाटतो. भाद्रपदाआधी पेणला घरोघर गणपतीच्या मूर्तींना रंग चढू लागे, तेव्हा लहानपणी वाटे, आपणही इतरांसारखे असतो तर किती बरे! मोठेपणी दुसरा विचार येऊ लागला की कोणी आपल्याला समजून घेत नाही, तर आपणही कोणाकडे जाऊ नये. लपणे आणि रुसणे ही एकाच एकटेपणाची दोन लेकरे आहेत. प्रभू येशूची परीक्षा झाली तीही रानात, चाळीस दिवस उपाशी आणि एकटा असताना. एकट्या माणसाच्या कानाशीच मोह कुजबुजतो.

रमाबाईंच्या आतही झगडा होताच. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे मनाला शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास, पुष्कळ वाचन व प्रार्थनेनंतर, ती लाभली. मग त्यांनी एकटेपणाला कामाला जुंपले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सारे बायकाच चालवीत. जिला स्वतःचे घर नव्हते, ती हजारोंचे घर झाली.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्यास घेतले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी मिरजेस वारल्या. जगात रक्ताचे म्हणून उरलेले एकच माणूस गेले! त्या माउलीने हाती घेतलेले भाषांतर टाकले नाही. ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

आपल्या मंडळात मी भजनाच्या दिवशी बसते, आणि नाताळात आमच्या करंज्यांचे ताट तुमच्या घरी येते. माझी प्रार्थना मला लपवावी लागत नाही, आणि तुमची मला परकी वाटत नाही. रमाबाईंच्या वाट्याला असा शेजार क्वचितच आला. आपल्या आळीत कोणी विधवा, कोणी परगावची सून, कोणी निराळ्या श्रद्धेची बाई एकटी बसलेली असेल, तर मंडळाच्या नव्या वर्षात आपण तिचे दार आवर्जून ठोठवावे, इतकेच मागणे.