हौशी बिनतारीचा उपासक मार्कोनी

आपल्या देशात बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही मुलामुलीस सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळविता येतो, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. परवाना हाती पडला, व्ही. यू. या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतनाम मिळाले, की नवशिक्यास वाटते, आता यंत्र लावावे आणि साऱ्या जगाला हाक मारावी. पहिले काही दिवस हाकेला ओ येत नाही. मुलाचा विरस होतो आणि वडिलांस वाटते, पैसे पाण्यात गेले. अशा घरी वाचून दाखवावे असे एक चरित्र आहे, ते मार्कोनीचे. बिनतारी तारायंत्राचा जनक म्हणून त्याचे नाव क्रमिक पुस्तकांत येते. परंतु तो आरंभी निव्वळ हौशी प्रयोग करणारा मुलगा होता, आणि पुढे मोठा झाल्यावर ज्या वाटेकडे त्याने पाठ फिरविली, ती वाट हौशी मंडळींनीच जगास मोकळी करून दाखविली, हे तेथे सहसा आढळत नाही.

गुग्लिएल्मो मार्कोनी याचा जन्म इटलीतील बोलोन्या शहरी २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. शाळेतील अभ्यासात त्याची गती बेताचीच होती, आणि विश्वविद्यालयात विद्यार्थी म्हणून त्याचा प्रवेश झालाच नाही. सुदैवाने प्राध्यापक रीघी हे शेजारी राहत. त्यांनी त्यास आपल्या प्रयोगशाळेत येण्याजाण्याची मोकळीक दिली. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात हे सिद्ध केले होते. १८९४ च्या आरंभी हर्ट्झ वारला. त्याजवर रीघींनी लिहिलेला लेख वीस वर्षांच्या मार्कोनीने वाचला, आणि या लहरींवर निरोप का धाडता येऊ नये, या एका प्रश्नाने त्याची झोप उडविली.

पोंतेक्क्यो गावच्या त्यांच्या वाड्यात वरचा माळा रिकामा होता. तेथे त्याने आपला संसार मांडला. वडिलांस हा उद्योग रुचत नसे. आईचा मात्र मुलावर विश्वास. एके रात्री त्याने तिला झोपेतून उठवून माळ्यावर नेले, एका टोकास बटण दाबले आणि दुसऱ्या टोकास, मध्ये तार नसता, घंटी वाजवून दाखविली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या यंत्रातील एकही मोठा भाग त्याने स्वतः शोधिलेला नव्हता. ठिणगीचे यंत्र हर्ट्झचे. लहर ओळखणारी काचेची नळी फ्रान्सच्या ब्रानलीची: तीत धातूचा कीस भरलेला असे, लहर येताच कीस चिकटे व त्यातून वीज वाहू लागे, नंतर टिचकी देऊन तो पुन्हा मोकळा करावयाचा. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीही बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग करून दाखविले. पहिला मान कोणाचा हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि आम्हांस तो मिटविण्याची घाईही नाही.

मग मार्कोनीचे स्वतःचे असे काय? त्याने तारेचे एक टोक उंच हवेत चढविले आणि दुसरे जमिनीत पुरले. एवढेच! परंतु त्यासरशी माळ्यावरचा खेळ शेतांपलीकडे जाऊन पोहोचला. १८९५ साली त्याचा भाऊ आल्फोन्सो ग्रहणयंत्र घेऊन टेकडीच्या पलीकडे गेला. संदेश आल्यास बंदुकीचा बार काढावयाचा, असा संकेत ठरला होता. टेकडीआड सुमारे दोन किलोमीटरांवर बार झाला. साताऱ्याच्या मुलांनी अजिंक्यतारा मनात आणावा: एक भाऊ शहरात, दुसरा किल्ल्याच्या पाठीमागे, आणि मध्ये अख्खा डोंगर. आजच्या नवशिक्यासही आमचे हेच सांगणे आहे. महागड्या यंत्रापूर्वी तारेकडे पाहावे. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलावयाचे तर लहरीच्या निम्मी, म्हणजे दहा-दहा मीटरांच्या दोन बाजूंची साधी तांब्याची तार लागते. ती घराच्या कौलांपासून वर आणि विजेच्या तारांपासून दूर बांधली, तर थोड्या शक्तीचे यंत्रही दिवसा शेकडो किलोमीटर बोलते. पालकांनी तार बांधतेवेळी जवळ उभे राहावे; पावसाळ्यात वीज चमकू लागताच ती यंत्रापासून सोडवावयास लावावे.

१८९६ च्या आरंभी मार्कोनी आईसह इंग्लंडला गेला. टपाल खात्याचे मुख्य अभियंता प्रीस यांनी त्यास आधार दिला. १८९७ साली ब्रिस्टलच्या खाडीवरून सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे सांगली-मिरजेच्या अंतराहूनही कमी, संदेश गेला. त्याच वर्षी त्याची कंपनी निघाली. १८९९ साली इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्र ओलांडला गेला.

यानंतर १२ डिसेंबर १९०१ चा दिवस. न्यूफाउंडलंडच्या कडाक्याच्या वाऱ्यात मार्कोनी व त्याचा सहायक केम्प यांनी पतंगाला तार बांधून ती सुमारे दीडशे मीटर उंच चढविली. अटलांटिकच्या पलीकडे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांवर, कॉर्नवॉलमधील पोल्ढू केंद्रातून इंग्रजी एस या अक्षराची तीन टिंबे एकसारखी सोडली जात होती. कानाशी धरलेल्या श्रवणयंत्रात ती आपणांस ऐकू आली, असे दोघांनी सांगितले. जगाने जयजयकार केला. परंतु ऐकणारे दोनच, कागदावर नोंद नाही, आणि वेळ भर दिवसाची. त्यामुळे ती टिंबे खरी की वातावरणातील खरखर, अशी शंका जाणत्यांनी तेव्हाही घेतली व आजही घेतात. मार्कोनीने यावर भांडण केले नाही. १९०२ च्या फेब्रुवारीत तो फिलाडेल्फिया या आगबोटीवर यंत्र घेऊन चढला आणि संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून कप्तानाच्या साक्षीने दाखविले. याच प्रवासात दिवसापेक्षा रात्री संदेश कितीतरी दूर पोहोचतात, हेही प्रथम त्याच्या ध्यानी आले. आमच्या मते पतंगापेक्षा ही कागदाची पट्टी थोर होय. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: तारीख, वेळ, पट्टा, कोणाचे संकेतनाम ऐकिले, किती स्पष्ट. महिनाभर नुसते ऐकून लिहिले, तरी कोणता पट्टा केव्हा जागा होतो हे वहीच सांगू लागते, आणि मग मारलेल्या हाकेला ओ येते.

१९०९ साली त्यास ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पण याच काळातील एक गोष्ट आम्हांस आवडत नाही. आपल्या कंपनीच्या केंद्रांनी परक्या यंत्रांवरून आलेल्या संदेशांस सहसा उत्तर देऊ नये, असे तिचे धोरण होते. समुद्रावरील हाकेला ओ द्यावयाची ती यंत्र कोणाचे हे पाहून! १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने याविरुद्ध नियम केला. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली, तेव्हा बिनतारीची हाक ऐकून कार्पेथिया धावली व सुमारे सातशे जीव वाचले. त्या जहाजाचा तरुण बिनतारी कामगार फिलिप्स शेवटपर्यंत कळ दाबीत राहिला व बुडाला. परवान्याच्या परीक्षेत संकटसंदेशास अग्रक्रम देण्याचे नियम पाठ करावे लागतात. ते असे रक्ताने लिहिलेले आहेत.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींस दोनशे मीटर व त्याखालील आखूड लहरींवर हाकलून दिले. दूर जावयाचे तर लांब लहरीच हव्यात, असा मोठमोठ्या तज्ज्ञांचा समज होता, आणि तो रुजविण्यात मार्कोनीचा वाटा मोठा होता. हौशी मंडळींनी मिळाले त्यात प्रयोग चालविले. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांचे अमेरिकेतील संदेश स्कॉटलंडात ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस शहरच्या देलॉय याने सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर अमेरिकेतील श्नेल याच्याशी समुद्रापार संभाषण केले. मार्कोनीही तोवर आपल्या एलेत्रा नौकेवरून आखूड लहरी तपाशीत होता, व लांब लहरींचा आग्रह ही आपली चूक होती हे त्याने पुढे उघडपणे मान्य केले. कंदिलामागे आरसा लावावा तशी या लहरींना एकच दिशा देणारी योजना त्याने व त्याचा सहकारी फ्रँकलिन याने सिद्ध केली. तीच आपल्या दाराशी आली: सप्टेंबर १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीस प्रेषणकेंद्र व दौंडला ग्रहणकेंद्र, आणि तेथून थेट इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले.

अखेरच्या वर्षांत तो मुसोलिनीच्या पक्षात होता व त्याच्या राजवटीने दिलेले मानही त्याने स्वीकारले. हे झाकून ठेवणे चरित्रकारास शोभणार नाही. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ जगभरच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपली यंत्रे बंद ठेविली.