हिमभूमींतील विद्यार्थी : रेव्ह. हान्स एगेडे

महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठून गवतावर पांढरा थर दिसला, म्हणजे आपल्याकडे त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. हिंवाळा म्हटला कीं आपल्या मुलांस शेकोटी, घोंगडी आणि हुरडा आठवतो. परंतु ह्याच पृथ्वीवर असे प्रदेश आहेत कीं जेथें वर्षांतील निम्म्याहून अधिक महिने जमीन बर्फाखालीं असते, झाड म्हणून दृष्टीस पडत नाहीं, आणि डिसेंबरांत सूर्य जेमतेम तीनचार तास दर्शन देऊन मावळतो. अशा प्रदेशांत बायकामुलांसह कायमचें राहावयास गेलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही ह्या वर्षीं आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. तो पुरुष गेला शिकविण्यासाठीं. पण तेथें गेल्यावर त्यास प्रथम विद्यार्थी व्हावें लागलें. हीच गोष्ट आम्हांस ह्या चरित्रांत विशेष मोलाची वाटते.

हान्स एगेडे ह्यांचा जन्म ३१ जानेवारी १६८६ रोजीं नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत हार्स्टाड येथें झाला. त्या काळीं नॉर्वे व डेन्मार्क हे देश एकाच राजाच्या छत्राखालीं होते. कोपनहेगन येथें धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून १७०७ सालीं ते लोफोटेन बेटांवर वोगन येथें पाळक झाले, आणि त्याच वर्षीं त्यांचा गर्ट्रूड रास्क ह्यांच्याशीं विवाह झाला. गर्ट्रूडबाई वयानें त्यांच्याहून तेरा वर्षांनीं वडील होत्या. लोफोटेन बेटें ध्रुववृत्ताच्या उत्तरेस असलीं तरी उष्ण सागरप्रवाहामुळें तेथील समुद्र गोठत नाहीं. हिंवाळ्यांतील अंधार एगेडे ह्यांस जन्मापासून ठाऊक होता. पण समुद्र अडविणारें बर्फ व उपासमार ह्यांची ओळख अद्याप व्हावयाची होती.

येथें असतां त्यांच्या मनास एका जुन्या हकीकतीनें पछाडलें. सुमारें ९८५ सालीं एरिक नांवाच्या तांबड्या केसांच्या दर्यावर्दी पुढाऱ्यानें अटलांटिकपलीकडच्या एका विशाल बेटावर वसाहत केली, आणि लोकांस तेथें येण्याचा मोह पडावा म्हणून त्यास ‘ग्रीनलंड’ म्हणजे हिरवा देश असें नांव दिलें. वास्तविक त्या बेटाचा पंचमांश भागच बर्फावांचून मोकळा आहे. त्या वसाहतींत पुढें चर्चें बांधलीं गेलीं, बिशप नेमले गेले. १४०८ सालीं तेथील एका चर्चमध्यें लग्न लागल्याची नोंद सांपडते, ती शेवटचीच. त्यानंतर नॉर्वेशीं त्यांचें दळणवळण तुटलें. आपल्या त्या भाईबंदांचें काय झालें असेल, त्यांचे वंशज जिवंत असतील काय, त्यांस धर्माची आठवण असेल काय, ह्या प्रश्नांनीं एगेडे अस्वस्थ झाले.

ह्या ठिकाणीं आमच्या वाचकांस कौतुक वाटेल असा एक धागा आपल्या देशाशीं जुळतो. डेन्मार्कचा राजा चवथा फ्रेडरिक ह्यानें १७०५ सालीं झीगेनबाल्ग व प्लूटशाउ ह्या दोघां मिशनऱ्यांस आपल्या मद्रासच्या बाजूस तरंगमबाडी येथें पाठविलें होतें, आणि १७१४ सालीं अशा कार्यासाठीं कोपनहेगन येथें एक मंडळ स्थापिलें होतें. तोच राजा व तेंच मंडळ पुढें एगेडे ह्यांचे आश्रयदाते झाले. एकाच दरबारांतून एक वाट तामिळनाडूच्या उन्हांत गेली, दुसरी ग्रीनलंडच्या हिमांत.

परंतु राजाच्या आधीं घरच्यांची संमति मिळावयास हवी होती, आणि ती सहज मिळाली नाहीं. पदरीं लहान मुलें, हातीं बरी चाललेली नोकरी, आणि पतीच्या मनांत असा देश कीं जेथील कोणी मनुष्य कधीं भेटला नाहीं! गर्ट्रूडबाईंनीं प्रथम स्पष्ट विरोध केला. नातलगांनींही एगेडे ह्यांस दोष दिला. पण प्रार्थना व विचार ह्यांत बराच काळ घालविल्यावर बाईंचें मन वळलें, आणि एकदां वळलेलें तें मन पुन्हां कधींच मागें फिरलें नाहीं. पुढें अनेक प्रसंगीं पतीचा धीर खचला, पण पत्नीचा खचला नाहीं. १७१८ सालीं एगेडे ह्यांनीं पाळकपद सोडलें व बर्गेन बंदरांत जाऊन तेथील व्यापाऱ्यांची मनधरणी आरंभिली. तीन वर्षांच्या खटपटीनंतर १७२१ सालीं एक व्यापारी कंपनी उभी राहिली.

१७२१ च्या मे महिन्यांत ‘हॉबेट’ म्हणजे ‘आशा’ नांवाच्या गलबतांतून एगेडे दांपत्य, पॉल व नील्स हे दोन मुलगे, दोन मुली, आणि चाळिसांच्या आसपास माणसें निघालीं. ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाजवळ बर्फाच्या तरंगत्या राशींनीं त्यांस घेरलें, आणि गलबत फुटतें कीं काय असा प्रसंग आला. अखेर जुलैच्या आरंभीं त्यांनीं पश्चिम किनाऱ्यावरील एका बेटावर पाय ठेविला आणि दगड, माती व बरोबर आणलेलें लांकूड ह्यांचें घर बांधलें.

नॉर्स वंशज म्हणून जे शोधावयाचे, ते तेथें नव्हते. होते ते इनुइट लोक, ज्यांची भाषा निराळी, धर्म निराळा, राहणी निराळी. हे परके लोक हिंवाळ्यापुरते आले नसून येथेंच राहणार, हें कळल्यावर इनुइटांस भीति वाटली व ते दूर राहूं लागले. नव्या वसाहतकऱ्यांस मासे धरतां येईनात, शिकार साधेना. पहिला हिंवाळा कसाबसा निघाला. १७२२ च्या उन्हाळ्यांत सामानाचें जहाज वेळेवर येईना, तेव्हां सोबतचीं माणसें परत जाण्याची तयारी करूं लागलीं. एगेडे ह्यांचाही निश्चय डळमळला. गर्ट्रूडबाईंनीं मात्र आपलें सामान बांधण्याचें साफ नाकारलें. जहाज येईल, असें त्या सर्वांस सांगत राहिल्या. आणि तें आलें.

आतां खरा अभ्यास सुरू झाला. एगेडे आपल्या दोघां मुलांस घेऊन इनुइटांच्या घरीं राहूं लागले. तीं घरें दगड व गवताळ मातीचीं असत. आंत शिरण्यास एक लांब, बुटका व खालच्या पातळीवरचा बोगदा असे. त्यांतून अक्षरशः रांगत जावें लागे. आमच्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ह्याचें कारण शोधून पाहावें! थंड हवा जड असल्यामुळें ती त्या सखल वाटेंतच अडून राहते, आणि निजण्याबसण्याचा ओटा उंच असल्यामुळें ऊब तेथें टिकते. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा दिवा, त्यांत सीलच्या चरबीचें तेल व वाळलेल्या शेवाळाची वात. हाच दिवा, हीच चूल, हीच शेगडी. खिडकीस कांच नव्हे, तर शिवलेलीं आंतडीं. थंडीचे कपडेही तसेच विचारानें केलेले असत. आंतील अंगरख्याचे केस अंगाकडे, बाहेरील अंगरख्याचे केस बाहेर, आणि दोहोंमध्यें कोंडलेली हवा. पादत्राणही दुहेरी, मध्यें कोरडें गवत. आज जगभर वापरले जाणारे ‘कयाक’ व ‘अनोरॅक’ हे शब्द ह्याच लोकांच्या भाषाकुळांतून आलेले आहेत, ह्यावरून त्यांच्या कौशल्याची कल्पना येईल. त्या घरांतील चरबीचा व कातड्यांचा वास एगेडे ह्यांस असह्य होई, हें त्यांनीं लपविलें नाहीं. तरी ते गेले आणि राहिले.

भाषेच्या बाबतींत वडिलांपेक्षां मुलें पुढें गेलीं. पॉल व नील्स त्या वेळीं दहाबारा वर्षांचे होते. ते इनुइट मुलांबरोबर खेळत, आणि खेळतां खेळतां ती कठीण भाषा त्यांच्या जिभेवर बसली. एगेडे वहींत शब्द टिपून घेत. अडलें कीं मुलांस विचारीत. पॉल पवित्र शास्त्रांतील प्रसंगांचीं चित्रें काढी, व तीं दाखवून त्याचे वडील गोष्टी सांगत. ज्या देशांत धान्य पिकत नाहीं तेथें भाकरीचा दाखला कसा द्यावा? ज्यानें मेंढरूं पाहिलें नाहीं त्यास मेंढपाळ कसा समजावून सांगावा? परभाषेंत शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास ह्या अडचणीची ओळख पटेल.

१७२३ सालीं एगेडे बोटीनें दक्षिणेकडे जाऊन हरवलेल्या नॉर्स लोकांचा शोध घेऊन आले. ह्वाल्से येथें त्यांस एका चर्चच्या दगडी भिंती उभ्या दिसल्या. आंत मनुष्य नव्हतें. ज्या हेतूनें घर सोडलें तो ह्या भग्न भिंतींशीं संपला, असें कोणी म्हटलें असतें. एगेडे ह्यांनीं मात्र जे शेजारी होते त्यांनाच आपले मानिलें.

१७२८ सालीं राजानें मोठी वसाहत करण्याचें मनांत आणून राज्यपाल, शिपाई, घोडे, आणि तुरुंगांतून सोडून चिठ्ठ्या टाकून लग्नें लावलेलीं जोडपीं पाठविलीं. बेट सोडून मुख्य भूमीवर नवें गांव वसविलें गेलें. त्याचें नांव ‘गोटहोब’ म्हणजे ‘सदाशा’. पण ही मंडळी जुन्या संवयी सोडावयास तयार नव्हती. खारवलेलें मांस व वाळलेली रोटी ह्यांवर ते राहिले, आणि हिंवाळ्यांत त्यांस स्कर्व्हीनें गांठलें. हिरड्या सुजून रक्त येऊं लागलें, हातपाय गळाले, आणि सुमारें ४० माणसें मरण पावलीं. बर्फ ओलांडण्यासाठीं आणलेले घोडेही मेले. जवळच राहणाऱ्या इनुइटांस हा रोग ठाऊक नव्हता. ते सीलचें ताजें मांस व देवमाशाची कच्ची कातडी खात. त्यांत क जीवनसत्त्व असतें, हें आज आपणांस ठाऊक आहे. औषध शेजाऱ्याच्या ताटांत होतें, पण तें खाण्याजोगें आहे असें मानण्याइतकी नम्रता ह्या लोकांत नव्हती.

१७३१ सालीं नव्या राजानें वसाहत बंद करून सर्वांस परत बोलाविलें. एगेडे, त्यांचें कुटुंब व थोडीं माणसें तेवढीं मागें राहिलीं. ज्या मुलांस आपण बाप्तिस्मा दिला त्यांस सोडून जाणें एगेडे ह्यांस प्रशस्त वाटेना. १७३३ सालीं राजाचें मन पालटून मदत पुन्हां सुरू झाली. पण त्याच वर्षीं डेन्मार्कहून परतलेल्या एका इनुइट मुलाबरोबर देवीची सांथ आली. इनुइटांस हा रोग पूर्वीं कधीं झालेला नव्हता. शेकडो लोक मेले, वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. गर्ट्रूडबाईंनीं आपलें घर हेंच रुग्णालय केलें. रोगी आणून निजविले व त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा केली. ह्या श्रमानें त्यांची प्रकृति जी ढासळली ती सांवरली नाहीं. २१ डिसेंबर १७३५ रोजीं, वर्षांतील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास, त्यांनीं देह ठेविला.

पुढील वर्षीं एगेडे ह्यांनीं ग्रीनलंडचा निरोप घेतला. निरोपाच्या उपदेशासाठीं त्यांनीं यशया संदेष्ट्याच्या ४९ व्या अध्यायांतील चवथें वचन निवडलें. आपले श्रम वायां गेले, असें ज्यांत सेवक दुःखानें म्हणतो तें हें वचन. पत्नीची शवपेटी बरोबर घेऊन ते कोपनहेगनास गेले. तेथें त्यांनीं ग्रीनलंडला जाणाऱ्यांस ती भाषा शिकविली, आणि त्या देशाची भूमि, प्राणी व लोक ह्यांचें वर्णन करणारा ग्रंथ १७४१ सालीं प्रसिद्ध केला. ५ नोव्हेंबर १७५८ रोजीं डेन्मार्कांतील फाल्स्टर बेटावर ते निवर्तले.

श्रम वायां गेले काय? पॉलनें १७५० सालीं ग्रीनलंडच्या भाषेचा कोश छापिला, आणि १७६६ सालीं नवा करार त्या भाषेंत आणला. त्या भाषांतराच्या कामीं अर्नार्साक् नांवाच्या एका इनुइट बाईंचें त्यास साह्य झालें. जी भाषा मुलें खेळांत शिकलीं ती अशी कागदावर उतरली. २००९ सालीं तीच भाषा ग्रीनलंडची एकमेव राजभाषा ठरली. गोटहोब आज ‘नूक’ ह्या नांवानें त्या देशाची राजधानी आहे.

परंतु चरित्र लिहितांना दोष झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. इनुइटांच्या ‘अंगाकोक्’ म्हणविणाऱ्या वैदू-पुरोहितांस एगेडे ह्यांनीं कठोरपणें वागविलें, प्रसंगीं मारहाणही केली. त्यांच्यामागून परक्यांचें राज्य व व्यापाराची मक्तेदारी आली. २०२० सालीं नूक येथील त्यांच्या पुतळ्यावर कोणीं तांबडा रंग ओतला; तो पुतळा ठेवावा कीं काढावा ह्यावर मतें घेतलीं तेव्हां ९२१ ठेवण्याच्या बाजूनें व ६०० काढण्याच्या बाजूनें पडलीं. त्या सहाशें मतांचाही मान राखिला पाहिजे. एगेडे जेथें विद्यार्थी झाले तेथें त्यांचें काम टिकलें. जेथें ते हातांत छडी घेऊन उभे राहिले तेथली जखम अजून भरलेली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें परदेशीं, बर्फाच्या प्रदेशांतही जातील. पालकांनीं त्यांच्या पेटींत लोंकरीचे कपडे अवश्य घालावे. त्यांबरोबर आणखी एक शिदोरी द्यावी : ज्या गांवीं जाल तेथील शेजाऱ्याच्या घराच्या दारांतून वांकून आंत जाण्याची तयारी. ग्रीनलंडच्या घराचें दार तर असें होतें कीं वांकल्यावांचून कोणासच आंत जातां येत नसे, आणि ऊब जी होती ती आंत होती.