केंडल यांनी दोन हार्मोन्स शोधली, पण ती काम कशी करतात?

थायरॉईडची गोळी आणि स्टेरॉईड ही नावं तुम्ही घरात ऐकली असतीलच. माझी आई रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे हे कळलं आणि मी त्याच्याबद्दल वाचत सुटलो.

एडवर्ड केंडल यांचा जन्म १८८६ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. शिक्षणाने ते केमिस्ट. १९१४ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. पुढे जवळपास तीन टन डुकरांच्या थायरॉईड ग्रंथींमधून त्यांना जेमतेम ३३ ग्रॅम थायरॉक्सिन मिळालं! मग ते अॅड्रिनल ग्रंथींकडे वळले आणि त्यातून कॉर्टिसोन हाती आलं. १९४८ मध्ये ते संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना दिलं, आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० मध्ये केंडल यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं.

पण कॉर्टिसोन जास्त दिवस घेतलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. एकच औषध बरंही करतं आणि त्रासही देतं, असं का?

हार्मोन हा फक्त मेसेज असतो. तो घेणारं प्रथिन म्हणजे न्यूक्लिअर रिसेप्टर, आणि ते एकटं काम करत नाही. कॉर्टिसोनचं शरीरात कॉर्टिसोल होतं. त्याचा रिसेप्टर आधी मदतनीस प्रथिनांना धरून पेशीद्रवात थांबलेला असतो. मेसेज आला की तो केंद्रकात शिरतो आणि बहुतेकदा जोडीने डीएनएवर बसतो. थायरॉईडचा रिसेप्टर मात्र आधीपासूनच डीएनएवर असतो, बहुधा आरएक्सआर या जोडीदारासोबत. हार्मोन नसेल तर त्याच्याभोवती जीन दाबून ठेवणारी प्रथिनं जमतात. हार्मोन आलं की ती जातात आणि जीन चालू करणारी येतात. म्हणजे मेसेज तोच, पण कुठल्या पेशीत कोणती टीम जमते त्यावर परिणाम ठरतो. म्हणून सांध्यातली सूज उतरते, आणि हाडात मात्र नुकसान होतं.

केंडल १९७२ मध्ये गेले. कॉर्टिसोलच्या रिसेप्टरचा जीन १९८५ मध्ये हाती लागला, थायरॉईडचा १९८६ मध्ये. आज शास्त्रज्ञ फायद्याची टीम जमवेल पण त्रासाची नाही, अशा औषधाच्या शोधात आहेत. तोवर एक लक्षात ठेवा: डॉक्टरांना न विचारता स्टेरॉईड सुरूही करू नका आणि अचानक बंदही करू नका.