खुळा म्हातारा आणि लोकरीचा चेंडू

ज्युनिअर केजी, सीनिअर केजी आपण सगळ्यांनी केलंय. पण केजी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो पाडला माझ्या चार वर्षांच्या भाचीने. तिला शाळेतून पानभर बी गिरवायचा होमवर्क होता. अर्धं पान झाल्यावर तिने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि फुंकर मारली. पेन्सिल घरंगळत खाली पडली. तिने ती उचलली, परत फुंकर. मग उभी धरून सोडून पाहिली. मग खोडरबरावर फुंकर मारली, तो काही घरंगळेना. हे दहा मिनिटं चाललं होतं. शेवटी ताई ओरडली की खेळ बंद कर, केजीचा अभ्यास कर.

केजी म्हणजे किंडरगार्टन. शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ मुलांची बाग. ज्या माणसाने हे नाव ठेवलं, त्याच्या लेखी ती घरंगळणारी पेन्सिल हाच अभ्यास होता आणि गिरवलेलं पान हा त्यात आलेला अडथळा. फ्रीड्रिख फ्रोबेल त्याचं नाव. बीएड-डीएडच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात उरकला जातो. माणूस मात्र एका परिच्छेदात मावणारा नव्हता.

२१ एप्रिल १७८२ ला जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगराळ भागात, ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील गावचे पाद्री. पोराचा पहिला वाढदिवसही झाला नव्हता तेव्हा आई गेली. सावत्र आई आली, सुरुवातीला तिने जीव लावला, पण तिला स्वतःचं मूल झाल्यावर हा परका झाला. वडिलांना कामातून वेळ नाही, त्यात पोरगा मंद आहे असं त्यांचं मत. त्यांनी त्याला गावातल्या मुलींच्या शाळेत बसवलं. घरात बोलायला कोणी नाही, तर हा परसातल्या झाडाझुडपांत रमायचा. दहा वर्षांचा झाल्यावर मामाने त्याला आपल्याकडे नेलं, तेव्हा कुठे त्याला हुंदडायला मिळालं. मामाचं घर माणसाला कसं वाचवतं, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

पुढची पंधरा-वीस वर्षं म्हणजे आजच्या भाषेत करिअरचा गोंधळ. जंगलखात्याच्या एका माणसाकडे उमेदवारी केली. येना विद्यापीठात गेला, तिथे उधारी फिटली नाही म्हणून विद्यापीठाच्याच तुरुंगात नऊ आठवडे काढले. मग जमीन मोजणी, कारकुनी. १८०५ मध्ये आर्किटेक्ट व्हायचं म्हणून फ्रँकफुर्टला पोहोचला, तर तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला वर्गावर पाठवलं. वर्गात उभा राहिल्यावर त्याला कळलं की आपण इतकी वर्षं हेच शोधत होतो. वय तेवीस. (माझ्या वयाच्या सगळ्यांनी हे वाक्य एकदा शांतपणे वाचावं.)

त्या काळात स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दों इथे पेस्टालोझी यांची शाळा युरोपभर गाजत होती. आधी वस्तू, मग शब्द असा त्यांचा आग्रह. फ्रोबेल १८०८ मध्ये आपले तीन विद्यार्थी घेऊन तिथे गेला आणि दोन वर्षं राहिला. बरंच शिकला, पण पूर्ण समाधान झालं नाही. परत येऊन निसर्गविज्ञान शिकायला लागला. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध लढायला स्वयंसेवकांच्या तुकडीत भरती झाला. युद्धावरून परतल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात प्राध्यापक वाइस यांचा सहायक म्हणून लागला.

बहुतेक लेखांत ही नोकरी एका ओळीत संपते. मला ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाइस स्फटिकांचे अभ्यासक होते. स्फटिक हातात घ्यायचा, त्याच्यातून आरपार एक काल्पनिक दांडा गेलाय असं धरायचं आणि त्या अक्षाभोवती तो फिरवला तर कसा दिसतो हे पाहायचं, अशा नजरेने ते आकार समजून घ्यायचे. फ्रोबेल दिवसभर या दगडांच्या सोबतीत असायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८१६ मध्ये तो ही चांगली नोकरी सोडून निघाला. भाऊ साथीच्या तापात गेला होता, त्याची मुलं शिकवायची होती. पुतण्यांना घेऊन त्याने शाळा काढली, पुढच्या वर्षी ती काइलहाउ नावाच्या खेड्यात हलवली. शाळा नावारूपाला आली, मग सरकारच्या डोळ्यांवर आली, पैशांची तंगी तर कायमचीच. १८२६ मध्ये माणसाच्या शिक्षणावरचं त्याचं मोठं पुस्तक निघालं. ते वाचायला जड आहे, देव, निसर्ग आणि माणूस यांच्या एकत्वाबद्दल पानंच्या पानं आहेत. पण मोठ्या मुलांना शिकवता शिकवता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मूल शाळेत येतं तोवर फार उशीर झालेला असतो. खरं शिक्षण सहा वर्षांच्या आत, हातांनी, खेळत होऊन जातं आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं.

म्हणून १८३७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तो बाड ब्लांकेनबुर्ग या गावी आला आणि खेळणी बनवायला लागला. त्याने त्यांना नाव दिलं भेटवस्तू.

पहिली भेट तान्ह्या बाळासाठी. लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, दोरी लावलेले. आईने दोरी धरायची. चेंडू वर, चेंडू खाली. इकडून तिकडे झोका. गोल गोल. मुठीत लपला, परत आला. प्रत्येक हालचालीबरोबर आईने तो शब्द म्हणायचा. वर-खाली, जवळ-लांब, हळू-जोरात हे शब्द बाळाला आधी डोळ्यांनी आणि हातांनी कळतात, मग कानांनी. आपल्याकडे पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं बघत बाळ जे शिकतं तेच हे, फक्त इथे दोरी माणसाच्या हातात आहे.

दुसरी भेट जास्त भारी आहे. एक लाकडी गोळा आणि एक लाकडी ठोकळा. नंतर त्यात तिसरा भिडू आला, वृत्तचिती. गोळा कुठेही ढकला, घरंगळतो. ठोकळा ढकलला तर घसरतो आणि थांबतो. वृत्तचिती आडवी केली तर गोळ्यासारखी पळते, उभी केली तर ठोकळ्यासारखी ठाण मांडते. मूल हे बघून गप्प बसत नाही, ते दोन्ही करून पाहतं. भाचीची पेन्सिल आणि खोडरबर आठवा.

आता दोरी बांधा. ठोकळा एका बाजूच्या मधोमध टांगायचा, दोरीला पीळ द्यायचा आणि सोडायचा. गरगर फिरणाऱ्या ठोकळ्याचे कोपरे धूसर होतात आणि आत चक्क वृत्तचिती दिसायला लागते. वृत्तचिती कुशीतून टांगून फिरवली तर तिच्या पोटात गोळा दिसतो. गोळा मात्र कुठूनही टांगा, गोळाच. ठोकळा टांगायला तीन जागा असतात: बाजूचा मध्य, कडेचा मध्य आणि कोपरा. दर वेळी नवा आकार. बर्लिनमधल्या स्फटिकांचे अक्ष इथे येऊन चार वर्षांच्या पोराच्या हातात पडले, असं मला वाटतं. स्वतः फ्रोबेलला यात भौतिकशास्त्र कमी आणि अध्यात्म जास्त दिसायचं, गोळा त्याच्यासाठी पूर्णत्वाचं प्रतीक होता. मुलांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती फिरवत होती.

१८४० मध्ये या सगळ्याला नाव मिळालं. सांगतात की ब्लांकेनबुर्गजवळच्या डोंगरातून सोबत्यांबरोबर चालताना त्याला ते अचानक सुचलं. नाव सुंदर होतं, पण पैसा नव्हता. आदल्याच वर्षी बायको वारली होती. तरीही तो गावोगाव फिरत राहिला. १८४९ मध्ये बाड लीबेनश्टाइन इथे गावातल्या पोरांबरोबर उड्या मारणाऱ्या या पांढऱ्या केसांच्या माणसाला लोक खुळा म्हातारा म्हणायचे. हे ऐकून मारेनहोल्ट्स-ब्यूलो नावाच्या एक खानदानी बाई कुतूहलाने त्याला बघायला गेल्या आणि त्याच्या कामाच्या कायमच्या प्रचारक झाल्या. त्याने तरुण मुलींना बालशिक्षिका म्हणून तयार करायला घेतलं. मुलींसाठी पगाराचा, मानाचा व्यवसाय त्या काळात फार थोडा होता.

आणि मग ७ ऑगस्ट १८५१ ला प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण? हे वर्ग नास्तिकता आणि समाजवाद पसरवतात. त्याचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने मुलींच्या शिक्षणावर आणि किंडरगार्टनवर एक पुस्तिका लिहिली होती. सरकारने काका-पुतण्यांची गल्लत केली. म्हाताऱ्याने चूक दाखवून दिली, अर्ज केले, उपयोग झाला नाही. जो माणूस चेंडूतसुद्धा देव बघायचा, त्याला नास्तिक ठरवलं गेलं. माझ्या मते गल्लत हे निमित्त होतं. १८४८ च्या उठावांनंतर सरकार धास्तावलं होतं, आणि न विचारता हात लावून बघणारी मुलं आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मुली, दोन्ही त्याला नकोच होतं.

२१ जून १८५२ ला तो गेला, बंदी अजून तशीच होती. ती उठली १८६० मध्ये. श्वाइना इथल्या त्याच्या थडग्यावर एकावर एक तीन दगड आहेत: खाली घन, त्यावर वृत्तचिती, वर गोळा.

बंदीने उलटंच झालं. त्याच्या विद्यार्थिनी आणि पाठीराखे देशोदेशी गेले. १८५६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला मार्गारेटे शुर्झ यांनी जर्मन मुलांसाठी वर्ग काढला. पुढे मोठा आर्किटेक्ट झालेल्या फ्रँक लॉइड राइट याच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी घेतले.

त्याच फिलाडेल्फियाला दहा वर्षांनी आपल्या पंडिता रमाबाई पोहोचल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचं. रमाबाई तिथे थांबल्या आणि त्यांनी फ्रोबेलची पद्धत रीतसर शिकून घेतली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, तेव्हा ती त्यांच्याबरोबर तिथे आली. बालविधवांना शिक्षिका करायचं, तर हातात हे कसब हवं, असा त्यांचा विचार होता. म्हणजे केजी मराठी मुलखात आलं ते ॲडमिशनच्या रांगेतून नाही, असं आलं.

पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे. नाव राहिलं, चेंडू गेला. दोष सगळा आपला नाही. फ्रोबेलच्याच काही चेल्यांनी त्याच्या खेळांची कवायत करून टाकली होती: आता सगळ्यांनी ठोकळा उचला, आता ठेवा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी घरातला सापशिडीचा फासा घेतला, वर मधोमध फेव्हिक्विकने दोरा चिकटवला आणि भाचीसमोर धरला. फासा फार लहान, त्यामुळे वृत्तचिती काही नीट दिसेना. मी पीळ देत होते, सोडत होते. तिने दोरा माझ्या हातातून घेतला. फासा उलगडत गेला, दोरा सरळ झाला आणि फासा थांबायच्या ऐवजी तसाच पुढे फिरत राहिला, दोऱ्याला उलटा पीळ पडेपर्यंत. मग परत मागे. तिला आकाराशी काहीच घेणं नव्हतं. दोरा सरळ झालाय तरी तो थांबत का नाही, हे तिला मावशीकडून हवं होतं.

मी मास कॉमची आहे. बीचं पान अजून अर्धंच आहे.