रानातला चित्ता पकडून त्याला शिकारीच्या कामाला लावायचे, शाहू महाराजांच्या शिकारखान्याची गोष्ट

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते विमानाने भारतात आले आणि मध्य प्रदेशातल्या कुनो जंगलात सोडले गेले. आफ्रिकेतला चित्ता भारतात पहिल्यांदाच येतोय, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण शंभरेक वर्षांपूर्वी आफ्रिकेतले चित्ते बोटीने येत होते आणि थेट कोल्हापूरला पोहोचत होते. ते पिंजऱ्यात ठेवून बघण्यासाठी नव्हते. त्यांना काम होतं, माणसासाठी काळवीट पकडण्याचं.

या शिकारीशी ज्यांचं नाव जोडलं गेलंय ते म्हणजे राजर्षी शाहू महाराज. आरक्षण, मोफत शिक्षण, राधानगरी धरण यासाठी आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्याची शिकारीची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. या शिकारीने त्यांना खूप काही दिलं आणि एक मोठा घावही दिला.

आजोळ मुधोळचं, मैत्री भावनगरची

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. मुधोळ म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. मुधोळ हाउंड ही उंच, सडपातळ आणि वाऱ्यासारखी पळणारी शिकारी कुत्र्याची जात याच गावाच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिला कारवान असंही म्हणतात. आई मात्र शाहूंना फार काळ लाभली नाही. ते तीन वर्षांचे असतानाच ती गेली.

१८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला गेले. तिथे त्यांना भावनगरचे भावसिंहजी हे आयुष्यभराचे मित्र मिळाले. भावनगर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करायची परंपरा होती. पुढच्या काळात या शिकारीसाठी देशभरात दोन संस्थानांची नावं घेतली जाऊ लागली, एक भावनगर आणि दुसरं कोल्हापूर.

२ एप्रिल १८९४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, शाहूंच्या हाती राज्यकारभार आला. घोडे, हत्ती, कुत्रे, कुस्ती आणि शिकार हे त्यांचे जुने शौक होते, ते राजा झाल्यावरही सुटले नाहीत.

पिल्लू नको, मोठाच चित्ता हवा

शिकारी कुत्रा तयार करायचा तर माणूस पिल्लापासून सुरुवात करतो. कारण मोठ्या कुत्र्याला आपल्या सवयी लागलेल्या असतात. बंदुकीचा बार ऐकून बिचकायचं नाही, सांगितल्याशिवाय धावायचं नाही, पडलेला पक्षी चावून खायचा नाही, हे त्याला नव्याने शिकवायचं म्हणजे आधीच्या सवयी मोडाव्या लागतात. काम होतं, पण वेळ लागतो.

चित्त्याचं गणित याच्या बरोबर उलटं होतं. चित्तेवान, म्हणजे चित्ते सांभाळणारी आणि शिकवणारी माणसं, पिल्लू घ्यायलाच तयार नसत. चित्त्याची आई पिल्लांना वर्ष-दीड वर्ष सोबत फिरवते. दबा कसा धरायचा, कळपातलं कुठलं जनावर निवडायचं, पाय मारून ते कसं पाडायचं आणि गळा कुठे पकडायचा, हे सगळं पिल्लू तिच्याकडून शिकतं. माणसाला हे शिकवता येत नाही. घरात वाढवलेला चित्ता माणसाळतो, पण शिकारीच्या कामाचा राहत नाही. म्हणून रानात मोठा झालेला, स्वतः शिकार करून जगलेला चित्ताच पकडायचा.

पकडायची जागाही ठरलेली असायची. माळावरच्या ठरावीक झाडांशी चित्ते पुन्हा पुन्हा येतात, खोडावर नखं घासतात, आपला वास सोडून जातात. अशा झाडाभोवती फास लावले जायचे. हे कौशल्य पारध्यांचं. पारधी समाजात चित्तेवाले पारधी अशी एक वेगळी शाखाच होती.

शिकवायचं नक्की काय?

पकडलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवली जायची. त्याला खाटेला किंवा खुंटीला दोन्ही बाजूंनी बांधायचे. सुरुवातीचे काही दिवस आणि रात्री त्याला झोपूच द्यायचं नाही. आजूबाजूला बायका-पोरं बसून सतत बोलत राहायची, म्हणजे माणसाच्या आवाजाची त्याला सवय व्हावी. मग बाजारातून, गर्दीतून फिरवायचं. खाणं फक्त चित्तेवानाच्या हातून. हळूहळू तो माणसाचा आवाज आणि वास ओळखू लागायचा. या सगळ्याला काही महिने लागायचे.

शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीवर बसवून माळावर नेलं जायचं. काळवीट माणसाला बघून पळतात, पण शेतातल्या बैलगाडीला ते सरावलेले असतात. त्यामुळे गाडी गोल फिरत फिरत कळपाजवळ जाऊ शकायची. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची. चित्त्याला कळप दिसला की तो गाडीवरून उतरायचा, थोडा दबत जायचा आणि मग सुटायचा. ताशी १०० किलोमीटरच्या आसपासचा तो वेग काहीशे मीटरच टिकतो. तेवढ्यात काळवीट सापडलं तर सापडलं, नाहीतर चित्ता तिथेच धापा टाकत बसायचा.

खरी परीक्षा इथून पुढे. काळवीट पाडलं की चित्ता त्याचा गळा धरून बसतो. कुत्रा शिकार उचलून मालकाकडे आणतो, चित्ता आणत नाही. माणसालाच त्याच्याकडे जावं लागतं. चित्तेवान धावत पोहोचायचा, काळवीट कापायचा आणि त्याचं रक्त लाकडी पळीत धरून चित्त्याच्या तोंडाशी न्यायचा. रक्त चाटायला चित्त्याने पकड सोडली की डोळ्यांवर पुन्हा टोपी. नंतर शिकारीतला एक पाय त्याच्या वाट्याला.

म्हणजे त्या काही महिन्यांत चित्त्याला शिकार शिकवली जातच नव्हती. ती त्याला येतच होती. शिकवायचं होतं ते फक्त तोंडातला घास माणसाला सोडून देणं. रानातल्या जनावरासाठी याहून अवघड दुसरं काही नसावं.

शिकारीने राजाला काय दाखवलं

शिकारीच्या निमित्ताने महाराज वाड्याबाहेर पडायचे. रानात, माळावर, छावणीत दिवस काढायचे. तिथे त्यांची गाठ धनगर, शेतकरी, महार, मांग, पारधी अशा माणसांशी पडायची, दरबारात ज्यांना सहज प्रवेश नव्हता. राज्यातली गरिबी त्यांनी कागदावर वाचली नव्हती, बघितली होती. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश त्यांनी काढला, त्यामागे हे बघणंही होतं.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर हे थेट दिसतं. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवला होता. या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे रोज हजेरी द्यावी लागायची. महाराजांनी फासेपारध्यांना बोलावून घेतलं, राहायला जागा दिली, कामं दिली, पहाऱ्यावर नेमलं. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातली ही हजेरीची पद्धतच बंद केली. ज्यांच्या हातचं कसब राजे-महाराजांच्या शिकारीला चालत होतं, त्याच लोकांना कायदा चोर म्हणत होता.

जून १९१८

त्याच वर्षी शिकारीने महाराजांच्या घरात घात केला. त्यांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय १९ वर्षं. त्यांच्या लग्नाला जेमतेम एक वर्ष झालं होतं.

मागे राहिलेल्या सून इंदुमतीदेवी वयाने अजून लहान मुलगीच होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे राजघराण्यातल्या विधवेने पडद्याआड आयुष्य काढायचं असायचं. महाराजांनी ते होऊ दिलं नाही. सोनतळीच्या बंगल्यात त्यांनी सुनेच्या शिक्षणाची सोय केली. सोबत शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. घरातल्या आणि बाहेरच्या विरोधाला त्यांनी दाद दिली नाही. सुनेने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, पण इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम करत राहिल्या.

मॅट्रिकचा तो निकाल बघायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७.

चित्त्यांचं काय झालं?

महाराजांनंतर त्यांचे थोरले चिरंजीव राजाराम महाराजांनी चित्त्यांची शिकार चालू ठेवली. पण तोवर भारतातले चित्ते मिळेनासे झाले होते. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले. ते आणण्यात भावनगर आणि कोल्हापूर आघाडीवर होते.

कारण सरळ आहे. कुत्र्याची पैदास घरात होते, चित्त्याची होत नाही. मुघलांच्या काळात हजारो चित्ते पाळले गेले, पण बंदिस्त चित्त्याला पिल्लं झाल्याची जहांगीरच्या काळातली एकच नोंद सापडते. म्हणजे कामावरचा प्रत्येक चित्ता रानातून आलेला, आणि तोही पिल्लं जन्माला घालण्याच्या वयातला. शेकडो वर्षं हे चालू राहिलं. भरीला बंदुका आल्या आणि गवताळ माळ नांगराखाली गेले. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते मारले गेल्याचं मानलं जातं. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तोही १९५२ मध्येच.

कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. बीड, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर काळवीट आजही दिसतात. ते आजही बेफाम वेगाने पळतात. त्यांना तेवढं पळायला लावणारा चित्ता मात्र त्या माळांवर आता नाही.